विरलेलं अस्तर

तोंडात कायम टाचण्या धरलेल्या असत, म्हणून शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला सगळे टाचणीकाकू म्हणत. तोंडात टाचण्या असण्यात तिची सोयही होती. नको त्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागत नसे.

पाळी गेल्यापासून ती मशीनच्या खोलीतच झोपत होती. नवऱ्याने एकदाच विचारलं, "माझं काही चुकलं का?" तिने नुसती मान हलवली. जवळ गेलं की आग व्हायची, दुखायचं. देवानेच आता पुरे म्हटलंय, अशी तिने मनाची समजूत घातली. आपण तिच्या मनातून उतरलो, असं नवरा धरून चालला.

एकदा दवाखान्यातली नर्सबाई वेगळंच काम घेऊन आली. लोकांना समजावून सांगायला स्त्रीपुरुषांच्या अवयवांचे कापडी नमुने हवे होते. काकूचे कान तापले, पण आलेलं काम परत पाठवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"पुरुषाच्या शिश्नात स्पंज भरा," नर्सबाई म्हणाली. "रक्त भरतं म्हणून ताठ होतं ते. आणि बाईचा हा वरचा दाणा, शिश्निका, त्यातही तसलाच स्पंज."

"एवढाशात?"

"दिसतो एवढासा, बाकीचा आत आहे. आईच्या पोटात सुरुवातीला दोघांचं कापड एकच असतं काकू, बेतताना फरक पडतो."

योनीच्या अस्तराला काकूने गुळगुळीत सॅटीन काढलं. दुसऱ्या नमुन्याच्या वेळी नर्सबाईने ते बाजूला सारलं. "हा पाळी गेलेल्या बाईचा. याला विरलेली मलमल लावा."

"ती का?"

"संप्रेरक कमी झालं की अस्तर पातळ होतं, ओल आटते. मग दुखतं. पुरुषालाही वयाप्रमाणे ताठ व्हायला वेळ लागतो. आणि दोघंही समजतात, समोरच्याचं मन उडालं."

"आणि उडालंच नसेल तर?"

"तर वंगण लावायचं, डॉक्टरांकडून मलम घ्यायचं. मशीनला तेल घालताच की."

"मशीन कुरकुरतं, म्हणून घालते."

"मग तुम्हीही कुरकुरा!"

संध्याकाळी नवरा जेवायला बोलवायला आला. काकूने तोंडातल्या टाचण्या काढून टाचण्यांच्या छोट्या उशीत खोचल्या.

"बसा जरा. या दोन्ही कापडांवरून हात फिरवा."

"हे मऊ आहे. हे विरलंय. टाकायचंय का?"

"टाकायला काय झालं? जपून वापरायचं." ती थांबली. "तुमचं काही चुकलं नव्हतं हो. मला दुखत होतं."

त्याने मलमलीची हलक्या हाताने घडी घातली. "मग बोलायचं नाही का गं?"

"आता बोलतेय ना? उद्या दवाखान्यात चला माझ्याबरोबर."

देवाने पुरे वगैरे काही म्हटलं नव्हतं. तीच आपलं दुखणं परस्पर त्याच्या नावावर खपवत होती. देवाची मनातल्या मनात माफी मागून तिने मशीनच्या खोलीतली आपली उशी उचलली.