साबुदाणा भिजलाच नाही

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी रत्नागिरीहून एसटीनं कराडला घरी आले... सत्तरच्या दशकातली गोष्ट. घाट चढून पाटण येईस्तोवर मांडीवर एक काचेची बरणी दोन्ही हातांनी धरून बसले होते.

मी सांगलीला प्राणिशास्त्र शिकले आणि पुढे संशोधनासाठी थेट समुद्र गाठला. किनाऱ्यावरची वाळू चाळायची, पाण्यातून बारीक जाळी ओढायची आणि त्यात सापडणारे प्लॅस्टिकचे दाणे वेगळे काढायचे, हे माझं काम. मायक्रोप्लॅस्टिक हा शब्द तेव्हा आमच्यापैकी कुणी ऐकलेलाही नव्हता. उसाच्या पट्ट्यातली पोरगी समुद्रावर जाऊन कचरा वेचते, असं भावकीत कौतुकानं बोललं जाई... कौतुक कसलं ते तुम्हीच समजा.

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये माझ्यासाठी शब्द टाकला होता. शिवरात्र झाली की होकार कळवायचा, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. माझं काम अर्ध्यावर होतं.

संध्याकाळी बरणीतले दाणे गोड्या पाण्यानं धुतले, ताटलीत पसरले आणि वाळायला स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवले. पांढरे, काही जरा पिवळट, गोल गोल दाणे... आणि दुसऱ्या दिवशी घरभर उपवास. आता तुमच्या लक्षात आलंच असेल.

घराचा कारभार आत्तीकडे, म्हणजे आण्णांच्या थोरल्या बहिणीकडे. तिनं साबुदाणा भिजत घातला, जरा कमी वाटला, म्हणून ताटलीतलाही त्यात ओतला. सकाळी भिजलाय का ते बघायला, सगळ्या बायका बघतात तसा, दाणा बोटात धरून दाबला. एक दबला, दुसरा दबेना. दाताखाली धरला तरी तसाच.

वाण्यानं भेसळ केली म्हणून तिनं आण्णांना हाक मारली. आण्णांचा स्वभाव मुळात तापट, त्यात पोटात चहाही नाही... ते पातेलं घेऊन बाजारात भांडायला निघाले.

मी आंघोळ करून आले तेव्हा ते दारात वहाणा घालत होते. पातेल्यात डोकावले, तर आत माझेच दाणे. कशीबशी त्यांना अडवलं आणि पातेलं पाण्यानं भरलं. साबुदाणा तळाशी बसला, माझे दाणे वर तरंगले. चहाच्या गाळणीनं सगळे काढून घेतले तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आण्णा हसत सुटले. आत्ती मात्र हसली नाही. हे समुद्रात कुठून येतं, कशाला येतं, हे विचारत राहिली. मी सांगितलं, कुठेतरी सांडतं, वाहत येतं, पाण्यावर तरंगत राहतं. मासे ते खाणं समजून गिळतात. तसला एक दाणा मला माशाच्या पोटातही मिळाला होता.

तिनं गाळणीतला एक दाणा उचलून पुन्हा बोटात दाबून बघितला.

"म्या दाबून बघितलं म्हनून कळलं," ती म्हणाली. "माशाला कुठं हात हायती?"

मग आण्णांकडे वळली. "आनंदा, पोरीचं काम पुरं हूं दे रं. न्हाई म्हनून सांग त्यास्नी."

थोरल्या बहिणीपुढे आण्णांचं कधीच काही चालत नसे. थोडे धुसफुसले, पण कारखान्यात जाऊन नकार देऊन आले.

पुढची सगळी वर्षं मी किनाऱ्यावरच काढली. लोक विचारतात, या कामाचं महत्त्व तुम्हाला पहिल्यांदा कुणी पटवलं... खरं सांगू, मलाच ते नीट मांडता येत नव्हतं. आत्तीनं अख्ख्या आयुष्यात समुद्र पाहिला नाही. पण मला तिकडे परत पाठवलं ते तिनंच.