काळ्या रंगाखालची काच

माझा स्वभाव तापट, हे मीच आधी सांगते. शिवाय त्या दिवसांत मला हुशारीचा तोराही फार होता. बेंगळुरूच्या बाहेर विजेच्या उपकरणांचा एक कारखाना होता, तिथे मी तपासणीच्या टेबलावर बसायची. समोर ट्रे भरून रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर यायचे. रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्या बघून तो किती ओहमचा हे मी हातातलं काम न थांबवता सांगायची. अडलेला भाग ओळखायला इंजिनियरसुद्धा माझ्याकडे पाठवायचे. मग काय, डोक्यात हवा जाणारच.

धाकटा भाऊ गिटार वाजवायचा. चामराजपेटेत आमचं शिवणकामाचं दुकान. पणजोबांपासून कोट शिवत आलेलं घर आमचं, त्यात हे खूळ कुठून शिरलं ते आमच्या वडिलांना, अप्पांना कळत नव्हतं. भाऊ चोवीस वर्षांचा झाला तरी दुकानात टिकत नव्हता. कॅन्टोन्मेंटमध्ये एक बँड होता, त्यात त्याला घुसायचं होतं. बँडचा म्होरक्या ड्रम वाजवायचा. त्याच्याकडे चांगले वाजवणारे चिक्कार येत, त्याला हवा होता तो परदेशी रेकॉर्डवरचा नवा आवाज. कोरं मांजरपाट टरकन फाडावं तसा घोगरा, खरखरीत. "तो आवाज काढून दाखव, जागा तुझी," असं तो भावाला म्हणाला होता.

हे ऐकून अप्पांनीही आपलं सांगून टाकलं. "या वेळी घेतलं तर जा. नाही घेतलं तर कात्री हातात घ्यायची आणि या घरात गिटारचं नाव काढायचं नाही." अप्पा एकदा बोलले की बोलले. भावाने मान डोलावली, "सरी अप्पा", बरं, एवढंच म्हणाला.

तो आवाज काढणाऱ्या डबीचा नकाशा भावाने कुठल्याशा परदेशी मासिकातून उतरवून आणला होता. मोजून दहाएक भाग. त्यात जर्मेनियमचे दोन ट्रान्झिस्टर. एक त्याने मोडक्या रेडिओतून काढला, दुसरा मिळेना. आमच्या कारखान्यातून टाचणीसुद्धा बाहेर नेता येत नसे, आणि चोरी माझ्याच्याने झाली नसती. म्हणून एका रविवारी आम्ही दोघं मार्केटजवळच्या जुन्या बाजारात गेलो.

तिथे लष्करी भंगाराच्या ढिगात मला तो सापडला. शेंगदाण्याएवढा, काचेचा, वरून खालपर्यंत काळा रंगवलेला, तीन पायांचा. नंबर कुठेच नाही. आमच्याकडे सगळे पत्र्याच्या टोपीचे असत, काचेचा ट्रान्झिस्टर मी जन्मात पाहिला नव्हता. घरी येऊन मीटर लावला आणि त्याला चिमटीत धरलं. बोटांच्या उबेने काटा हळूहळू सरकायला लागला. जर्मेनियम असाच ओळखतात, ऊब लागली की त्यातून वीज गळायला लागते. भावाचा चेहरा असा उजळला की मलाही बरं वाटलं.

तिथेच थांबले असते तर! पण नंबर नाही म्हणजे मला चैन पडेना. आमच्या कारखान्यात एक रीत होती. नापास मालाच्या नंबरावर काळा रंग फिरवायचा, म्हणजे तो चुकून चांगल्यात मिसळत नाही. कधी घाईत चांगल्याच भागावर कुंचला फिरायचा. मग ब्लेडने रंग खरवडायचा, स्पिरिटने पुसायचा आणि खालचा नंबर वाचायचा. हे काम माझं. काळा रंग दिसला की खाली काहीतरी लपवलंय, हे माझ्या हाडात मुरलं होतं. मी ब्लेड घेतलं.

"अक्का, स्वल्प थांब ना," भाऊ म्हणाला. "चालतोय तो. नंबर नसला तर नसू दे."

"तू तारा छेड. हे माझं काम आहे," मी फटकारलं.

रंग निघाला. खाली नंबर नव्हता. नितळ काच, आत पांढुरकं वंगण आणि त्यात राखाडी कणाएवढं काहीतरी. टेबलावरच्या दिव्याखाली पुन्हा मीटर लावला तर काटा आधीपेक्षा कितीतरी पुढे गेला. दुसरी कुणी असती तर थांबून विचार केला असता. मी म्हटलं, स्पिरिटने पाय स्वच्छ झाले, बघ कसा दमदार निघाला.

डबी म्हणून मी माझी साबणाची गुलाबी, आतलं दिसेल अशी पातळ प्लॅस्टिकची डबी दिली, पत्र्याची घेतली तर आत तारा चिकटायच्या म्हणून. सगळं डाग देऊन जोडलं मी. गिटारकडून येणारी वायर जिथे डबीत शिरते तो एकच सांधा भावाने हट्टाने स्वतः केला. दुकानाच्या मागच्या खोलीत, कापडाच्या ताग्यांमध्ये, जिथे दिवसाढवळ्याही धड दिसत नाही, तिथे डबी वाजवून पाहिली. अगदी तोच आवाज. अप्पा दारात येऊन उभे राहिले, ऐकलं आणि परत मशीनवर जाऊन बसले. भावाचे डोळे भरून आले होते.

परीक्षा एका हॉलमध्ये होती, दुपारची. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. रंगमंचाच्या काठावर दिव्यांची रांग होती, तिचा सगळा उजेड जमिनीवर, भावाच्या पायाजवळच्या डबीवर. त्याने गिटार जोडली आणि तार छेडायच्या आधीच भोंगा सुरू झाला. घूंऽऽ असा एकसारखा. भाऊ खाली वाकला, तसा आवाज विरला. उभा राहिला, पुन्हा सुरू. तो परत वाकला, स्वतः केलेला सांधा चाचपला, आवाज गेला. उभा राहिला, आला. तीनदा असं झालं. पुढे बसलेले हसायला लागले. चौथ्यांदा त्याने त्या घूंमध्येच वाजवायला घेतलं. म्होरक्याने हात वर केला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

बसमध्ये भाऊ एवढंच म्हणाला, "माझाच सांधा कच्चा राहिला, अक्का." मलाही तेच वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडं बरंसुद्धा वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात जाऊन बसला. चार दिवसांनी मी खिडकीपाशी डबी उघडून मीटर लावला. काटा पुढे होता. काहीतरी घ्यायला हात पलीकडे नेला, काचेवर सावली पडली, काटा मागे आला. हात काढला, पुढे गेला. मी कितीतरी वेळ हात पुढेमागे करत बसले. कारखान्यात एका जुन्या तपासनीसाला उगाच विचारल्यासारखं विचारलं, तर तो म्हणाला, "काचेच्यांना काळा रंग लावतातच. आत उजेड गेला की ते उजेडच वाजवायला लागतात." आणि विजेच्या दिव्याचा उजेड डोळ्यांना कळणार नाही इतक्या भराभर कमीजास्त होत असतो, तो घूं असाच वाजतो.

टेबलावर काळ्या रंगाची बाटली माझ्यासमोर होती. संध्याकाळी त्यातला थेंबभर रंग काडीला लावून, कागदात गुंडाळून घरी नेला. चोरी होत नव्हती ना माझ्याच्याने, ती झाली. काच रंगवली. उन्हात धरली तरी मीटरचा काटा जागचा हलला नाही. बँडमधली जागा अजून भरली नव्हती, हे मला ठाऊक होतं. उठून दुकानात जायचं आणि सांगायचं, एवढंच होतं. पण काय बिघडलं होतं असं त्याने विचारलं असतं. मग ब्लेड आलं असतं, त्याचं "थांब ना" आलं असतं. मला ते तोंडातून काढवेना. उद्या सांगू, परवा सांगू करत राहिले. रविवारी तोच सांगत आला की त्या जागेवर दुसऱ्याला घेतलं. मी डबी माझ्या पेटीत साड्यांच्या तळाशी ठेवली. शरम वाटते, पण ठेवली.

काही महिन्यांनी मी पगाराच्या दिवशी दुकानात गेले होते. भाऊ कोट कापत होता. गिटार तोवर कुणाला तरी देऊन झाली होती. जुन्या गिऱ्हाईकाने सहज विषय काढला, त्या बँडचं काय झालं म्हणून. भाऊ खडूने रेघ मारत म्हणाला, "अक्काने सगळं बरोबर करून दिलं होतं. मलाच साधा एक सांधा जमला नाही, गिटार काय जमणार होती." मग त्याने माझ्यासाठी हॉटेलातून कॉफी मागवली. मी ती त्याच्यासमोर बसून सगळी प्यायले.