नाडीवाले मामा

आमच्या केडगावच्या कॉलनीत नाडीवाले मामा आले की आधी चपला फाटकाबाहेर काढायचे. मग हिरवळीवर अनवाणी, डोळे मिटून, एकेक पाऊल टाकत फिरायचे आणि मध्येच थबकून मान वाकडी करायचे, खालून कुणी हाक मारल्यासारखं. पोरं सोडा, आम्ही म्हाताऱ्यासुद्धा तेव्हा हातातलं काम टाकून बघायचो.

पण हाताला गुण मोठा हो. हौसेनं लावलेल्या लॉनवर पिवळा डाग पडला की मामांना निरोप जायचा. ते गवताची मूठ धरून ओढायचे. सतरंजीसारखं उचललं गेलं तर खाली हुमणीच्या अळ्या, मुळं खाल्लेली. मध्ये जळकं अन् कडेनं गडद हिरवं दिसलं तर म्हणायचे, "कुत्र्याचं काम हाय, माई. चार बादल्या पाणी वता." माती दगड झाली असली तर पहारीनं भोकं पाडून त्यात वाळू नि शेणखत. त्यांच्याजवळ सायकलच्या चाकाची एक तार असायची. ती मातीत खुपसून बोटांनी अंदाज घ्यायचे, म्हणून तर नाडीवाले. घ्यायचे फक्त चहा, आणि जाताना विचारायचे, शेजारी कुठं डाग पडलाय का. मला वाटायचं, नाद असतो एकेकाला.

आमच्या मागच्या अंगणातला डाग मात्र कुठल्याच उपायाला दाद देईना. आधी परातीएवढा, गोल. दर उन्हाळ्यात वाढायचा. हुमणीचं औषध झालं, खत झालं, नवी हरळी लावली. पंधरा दिवसांत गवत मान टाकायचं. त्याच्यावरच माझ्या नातीचा, चिऊचा, झोका. पाच वर्षांची पोर, पण झोका सोडून मातीला कान लावून पडायची आणि म्हणायची, "आजी, खाली कुणीतरी बांगड्या वाजवतंय." सूनबाई हसायची. मला हसू येत नव्हतं, कारण तिथं खुरपं घातलं की दर वेळी हिरव्या काचेचे तुकडे वर यायचे.

शेवटी मामांना ते तुकडे दाखवले. हातात घेतले आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी डागात तार खुपसली. ती कुठं अडलीच नाही. मग पहार टेकवली, तर ती आपल्याच वजनानं हातभर आत गेली. मे महिन्याचं दुपारचं ऊन, आणि पहारीचं टोक बाहेर आलं ते गारढोण.

"माई, झोका आत्ताच्या आत्ता काढा. पोरीला हितं फिरकू देऊ नका."

अहो, काय आहे ते तरी सांगा, म्हटलं. ते कडेला उकिडवे बसले आणि सांगू लागले. इथं शेत होतं तेव्हा विहीर होती, साती आसरांची, पाण्यातल्या सात देवींची. बायका तिची ओटी भरायच्या, पाण्यात हिरव्या बांगड्या सोडायच्या. प्लॉट पाडले तेव्हा ट्रॅक्टरनं ती बुजवली मामांनीच. बुजवण्याआधी ओटी भरून तिची परवानगी मागायची, मग थरावर थर देऊन माती दाबायची, ही रीत. घाईत दोन्ही राहिलं, नुसता राडारोडा लोटला. पुढं घरं उठली, खुणा पुसल्या, आणि विहीर कुणाच्या दारात आली ते त्यांनाही कळेना.

"बारा वर्सं डाग बघत फिरतोय, माई. लोकांना वाटतं, गवतासाठी."

झोका त्यांनीच उपटून पुढच्या अंगणात रोवला. डागाभोवती काट्या लावल्या. मी ओटी भरली.

गणपती उठल्यावर झड लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मागं धप्प आवाज झाला. पाहतो तर झोक्याच्या जुन्या जागी काळाभोर खड्डा, तळाशी पाणी हलतंय. कडेच्या चिखलात एक अख्खी हिरवी बांगडी. सूनबाईनं चिऊला असं कवटाळलं की पोर रडायला लागली. मामा आले ते तासन्‌तास कडेला अनवाणी उभे राहिले. "गावली बया," एवढंच बोलले.

त्यानंतर ते कुणाच्याच डागाला गेले नाहीत. रोज येऊन त्याच जागी थोडा वेळ उभे राहायचे. दिवाळीच्या आधी झोपेतच गेले.

आता विहिरीला कठडा आहे, वर जाळी आहे, भोवती गवत दाट. फक्त मामा उभे राहायचे तिथं दोन डाग पडलेत, पावलांएवढे. इलाज मला पाठ आहे. परवा बादली घेऊन गेले, तर चिऊनं पदर धरला.

"आजी, तिथं नको ओतू. मामांचे पाय भिजतील."

मी बादली गुलाबाला ओतली. आणि पायातल्या चपला काढून ठेवल्या.