गाळलेला परिच्छेद

पवनचक्कीच्या जाहिरातीत जो मेगावॅटचा आकडा असतो, तेवढी वीज ती बारा महिने देते, असं तुम्हीही समजून चालला आहात ना?

आमचं मंडळ तसं समजून चाललं. खरं तर त्याला तसं समजावण्यात आलं, आणि तेही माझ्या पत्रकातून.

रत्नागिरीकडच्या आमच्या गावाचं मुंबईकर मंडळ रविवारी मीरा-भाईंदरच्या काशीगावात भरायचं. गावाकडचं देऊळ रंगवायचं की पायऱ्यांची पाखाडी बांधायची, हे इथे बसून ठरायचं. बाबा भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचे. मी कॉलेजात होते आणि मंडळाची पत्रकं लिहायचे. ती भिंतींवर चिकटवतच मी मोठी झाले होते. मंडळाचा एक नियम मला फार प्रिय होता: पत्रक सभेत मोठ्याने वाचायचं आणि एकदा हात वर झाले की त्यातला स्वल्पविरामही हलवायचा नाही.

गावाकडे तेव्हा भारनियमनाने लोक कावले होते. अशात एका कंपनीने पवनचक्क्यांसाठी आमचा सडा मागितला. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं, गुरं चरायचं पठार. ते सामाईक, आणि निम्मे हिस्सेदार मीरा-भाईंदरला. म्हणून संमतीच्या सह्या इथून हव्या होत्या.

सभेला कंपनीचा इंजिनिअर आला आणि त्याने मेगावॅटचा आकडा सांगितला. मी विचारलं, "एवढी वीज रोज मिळेल?"

तो सरळ बोलला. "मॅडम, ही क्षमता झाली. जोराचा वारा असेल तेव्हाची. वर्षाचं बघितलं तर पाव भाग हाती आला तरी चांगलं. आणि ती ग्रीडमध्ये जाते, थेट गावात नाही."

हे मी जसंच्या तसं पत्रकात घातलं. सभेत वाचलं. हात वर झाले. बाबा कारखान्यात पाळीवर असल्याने या सभांना नव्हते.

छापून आलेले गठ्ठे मी वरसाव्यापर्यंत वाटले. बाबांनी माझ्यासमोर संमतीपत्रावर सही केली.

"वाचा तरी, बाबा."

"तू लिहिलंयस ना? मग मी काय वाचू?"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मावशींना वाचता येत नाही म्हणून मी पत्रक वाचून दाखवायला घेतलं. मेगावॅटचा आकडा आला, आणि त्याला लागूनच 'आपलं गाव अखंड उजळणार'. हे वाक्य माझं नव्हतं. माझा परिच्छेद कुठेच नव्हता.

मंडळाचे कार्यवाह काका, ज्यांनी मला पत्रक लिहायला शिकवलं, त्यांच्या झेरॉक्सच्या दुकानात मी तडक गेले.

"काका, परिच्छेद कुठे गेला?"

"जागा पुरत नव्हती गो."

"तुमचा फोटो बरा बसला!"

ते हसले. "बाय, पत्रकात 'पण' आला की लोक सही करत नाहीत. लाईट हवी ना गावाला?"

"सभेने हात वर केले होते."

"हात वर करतात ते ऐकतात थोडेच! वडापाव कधी येतोय ते बघतात."

"मग बाबांची सही परत द्या."

"सगळ्या काल रात्रीच्या एसटीने गावी गेल्या. तुझ्या बाबांनी तुझ्यावर विश्वास ठेवला, त्यात माझं काय चुकलं?"

घरी सांगितलं.  बाबा म्हणाले, "म्हणजे तुला ठाऊक होतं आणि मला नव्हतं?"

पवनचक्क्या उभ्या राहिल्या. थंडीत गावी गेलो तेव्हा वारा पडलेला, पाती स्तब्ध, आणि भारनियमन आपल्या वेळेवर. चुलते सड्याला घातलेल्या कुंपणाच्या बाहेरून, रस्त्याच्या कडेने गुरं हाकत होते. बाबांनी वर बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हापासून मी लिहिलेलं काहीही ते ओळीवर बोट ठेवून, शेवटपर्यंत वाचतात. माझ्यासमोर.

पवनचक्कीवर माझा राग नाही. वारा देतो तेवढीच ती देणार. तुमच्या दारात कुणी संमतीपत्र घेऊन आलं, तर क्षमता ऐकून घ्या आणि विचारा: अशाच चक्क्यांनी गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष किती युनिट दिले? उत्तर लिहून मागा. ते हातात पडेपर्यंत कृपा करून सही करू नका.