रुमालाखाली चुकलेली बोटं

"गाठ नाही, नाना. उठा आता," मी सोनोग्राफीचा प्रोब पुसत म्हणाले. रिपोर्टमध्ये 'नॉर्मल' टाईप करायचं तेवढं राहिलं होतं.

टेबलावर दत्तूनाना होते. वय पासष्टच्या आसपास, घोडेगावच्या बाजारात बैलांचा व्यापार. नऊ वर्षांपूर्वी तंबाखूने डाव्या गालाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, मग मानेला रेडिओथेरपी. आमच्याकडे तिला 'लाईट' म्हणतात. आता उजव्या हाताची तक्रार होती. त्यांच्या सर्जननी एक्स-रे काढला, मानेचे मणके झिजलेले दिसले. तरी गाठ परत आली नाही ना, एवढं बघायला त्यांना सावेडीतल्या आमच्या सेंटरवर पाठवलं होतं. चिठ्ठीत तेवढंच होतं. मीही तेवढंच बघितलं.

नाना मानेवरची जेली पुसू लागले. "लाईट घेतल्यापासून डाव्या बाजूला दाढीच उगवत न्हाई. न्हावी म्हनतो, नाना, तुमी निम्मंच गिऱ्हाईक."

"बाजारात बी निम्मंच झालेत," नानांच्या पत्नी, काकू, कोपऱ्यातून म्हणाल्या. जुन्या फाइलची पिशवी त्यांच्या मांडीवर होती. "सांगा की म्याडमला, काय दिवे लावले ते."

"तू गप बस," नाना म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. मी स्टूल पुढे ओढलं आणि विचारलं, काय झालं?

बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघे रुमालाखाली हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवतीच्या लोकांना काही कळत नाही. मागच्या बाजारात बैल विकताना नाना चार बोटं दाबायला गेले, पण दोनच दाबली गेली. समोरच्याने "झाला सौदा" म्हणत रुमाल ओढला. नानांना नाही म्हणायचं होतं, पण शब्द फुटेना. दहाएक मिनिटांनी हात आणि जीभ दोन्ही ताळ्यावर आले, तेव्हा ते म्हणाले, चार.

"समद्यांदेखत म्हनला, दत्तू शब्द फिरवतो. चाळीस वर्सं बाजार केला, म्याडम. असं कुनी म्हनलं न्हवतं."

"बोटांना मुंग्या आल्या होत्या, की हलतच नव्हती?"

"हलतच न्हवती. परक्याची बोटं असल्यागत."

"नाना, परत झोपा."

मानेत नस दबली तर हात दुखतो, पण वाचा जात नाही. उजवा हात आणि बोलणं, दोन्ही मेंदूच्या डाव्या भागाकडे असतात. तिथे रक्त नेणारी मोठी वाहिनी म्हणजे डावी कॅरोटिड, मानेला बोट लावलं की जिचे ठोके लागतात ती. रेडिओथेरपीने कॅन्सर मरतो, पण त्या पट्ट्यातल्या रक्तवाहिनीचं अस्तरही होरपळतं. मग वर्षानुवर्षे आतून थर साचत जातो. त्याचा बारीक कण सुटून मेंदूत गेला, की हात किंवा वाचा थोडा वेळ जाते. याला टीआयए म्हणतात. पुढच्या वेळी गेलेला हात परत येईलच असं नाही.

मी डॉप्लर लावला. रक्त किती वेगाने वाहतंय ते त्यात कळतं. पाण्याचा पाइप बोटाने दाबला की धार जोरात निघते, तसा एका जागी वेग चढला होता. जिथे दाढी उगवत नव्हती, बरोबर त्याच पट्ट्याखाली थर होता. वाट पाव उरली होती. खरं सांगायचं तर हा थर पहिल्या वेळीही माझ्या स्क्रीनवर आला असणार. मी गाठ शोधत होते.

माझे वडील कोपरगावकडच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. घरातली पहिली पदवी माझी. मोठ्या डॉक्टरांना असं काही सांगायचं तर अजूनही आधी वाक्य मनात दोनदा जुळवते. तसंच जुळवून नानांच्या सर्जनना फोन लावला.

"मॅडम, मी गाठ बघायला सांगितलं होतं," सर म्हणाले.

"गाठ नाही, सर. पण डावी कॅरोटिड खूप अरुंद आहे. आणि हात गेला तेव्हा त्यांना बोलताही येत नव्हतं."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"मलाही नाही, सर. मीही विचारलं नव्हतं."

त्यांनी वाट किती उरली ते विचारून घेतलं. मग, "आजच अ‍ॅडमिट करू. घरी सोडू नका."

नाना मात्र चपला शोधत होते. "उद्या बाजार हाय. न्हाई गेलो तर म्हनतील, दत्तू तोंड लपवतोय. परवा येतो."

"अन् परवा हात न्हाई हालला, तर रुमालाखाली काय पाय घालनार?" काकूंनी पिशवी उचलली. "चला."

दारात नाना वळले. "म्याडम, रिपोर्टात लिहा, चूक हाताची हुती. माझी न्हवती."

मेंदूच्या स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, म्हणून लगेच रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. लाईटमुळे मानेची कातडी चिवट झाली होती, तिथे कापणं धोक्याचं. म्हणून पुण्याला नेऊन मांडीतल्या रक्तवाहिनीतून स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, बसवली.

दोन महिन्यांनी नाना तपासणीला आले. "द्या हात," म्हणाले आणि वर रुमाल टाकला. "किती?"

"चार."

"हां. आता टाका तुमची मशीन."

"रुमाल ओढणाऱ्या त्या माणसाला रिपोर्ट दाखवला का, नाना?"

"दावला. इंग्रजी त्याला बी येत न्हाई, मला बी. फोटोतली बारीक वाट तेवढी बघितली त्यानं, अन् च्या सांगितला."

हल्ली मानेला लाईट घेतलेला कुणीही आला, की चिठ्ठीत असो वा नसो, मी दोन्ही कॅरोटिड बघते. आणि प्रोब लावायच्या आधी विचारते, तुम्ही हाताने काय काम करता?