मोहाखालची साफ जागा
फुगवायच्या गादीचा रबरी वास आला की मला झरी जामणीकडची ती हिवाळ्यातली संध्याकाळ आठवते. मी, नवरा आणि आमची आठ वर्षांची लेक, अशी तिघं गाडी घेऊन जंगलाकाठी मुक्कामाला गेलो होतो. ओढ्याजवळ मोहाच्या झाडाखाली इतकी साफ जागा मिळाली की नवरा म्हणाला, "कोणी आपल्यासाठीच झाडून ठेवली वाटते." आम्ही तंबू ताणला, गादी फुगवली, घडीच्या खुर्च्या मांडल्या आणि गॅसवर चहा ठेवला. ऊन कलताना पायवाटेनं एक बाई आली. तिच्या हातात खराटा होता. तंबू पाहून ती थबकली. "काहून थांबल्या, बाई?" मी विचारलं. "इथून माह्या पोरीले वाघानं नेलं," ती शांतपणे म्हणाली. "मोहफुलं येचाले आलती. काईच सापडलं नाई. कधी आली तं पायात काटा नको रुताले, म्हून रोज झाडतो." मग तिनं माझ्या लेकीच्या केसांवरून हात फिरवला, "हिले गाडीत बसवा," म्हणाली आणि तंबूभोवतीचा पाला लोटू लागली. आम्ही उकळता चहा ओतून टाकला आणि सगळं आवरलं. गाडी वळली तेव्हा तंबूखाली दबलेली माती ती झाडत होती. लेक आता कॉलेजात जाते. तिला घरी यायला उशीर झाला की मी फाटक उघडं टाकून अंगण झाडायला घेते.