वाटणाच्या आवाजाआड

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या वहिनींचे आहेत. रायगडातल्या आमच्या गावातून बारावी करून मी भाईंदर पूर्वेला दादाकडे आलो, तेव्हा त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. चाळीतली एक खोली, त्यात नवरा-बायको आणि आता दीर. त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर आहे. माझी परीक्षा असली की वहिनी टीव्हीचा आवाज पार बंद करून नुसती चित्रं बघत बसायच्या.

कॉलेजात मला हेवी मेटलचं वेड लागलं. घशाच्या तळातून काढायचा तो गुरगुरणारा आवाज मी पहिल्यांदा घरात लावला, तेव्हा शेजारच्या काकी धावत आल्या.

"भाभी, किसी को उलटी हो रही है क्या?"

"नहीं काकी, मिक्सर बिगड गया है," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून तेच आमचं ठरलं. कोकणातल्या घरात रोजचं वाटण लागतंच. खोबरं-कांदा भांड्यात घातला की त्या हाक मारायच्या, "भावोजी, लावतेय हो. घ्या ओरडून." मी मोरीच्या दारात उभा राहून घसा मोकळा करायचो. दादा विचारायचा, "एवढ्याशा वाटणाला इतका वेळ?" त्या म्हणायच्या, "बारीक व्हायला नको?" आमच्याइतकं मऊ वाटण आख्ख्या चाळीत कुणाच्या घरी होत नसेल.

पुढे देशभर नाव असलेल्या एका मेटल बँडला गायक हवा होता. त्यांनी मला घेतलं. बरीच वर्षं मी त्यांच्याकडे गायलो. गाणी इंग्रजी, शब्द गिटार वाजवणाऱ्याचे. वहिनी एकदा कानात कापूस घालून कार्यक्रमाला आल्या होत्या. बाहेर पडल्यावर म्हणाल्या, "आवाज मस्त लागला हो. पण एवढं भांडत कुणाशी होतात?" मग म्हणाल्या, "एकदा तरी मला कळेल असं गा."

ते वाक्य मनात राहिलं. मी बँड सोडला त्यामागे इतरही कारणं होती, पण हे एक होतंच. मला माझ्या भाषेत माझा पहिला अल्बम करायचा होता. गिटारवाला म्हणाला, "अरे, लोकांना तुझा आवाज हवाय. तुझी गोष्ट नकोय." त्या वेळी त्याचा फार राग आला होता. आता तितका येत नाही.

गावच्या शाळेत गॅदरिंगला आभारप्रदर्शन नेहमी माझ्याकडे असायचं. मंडप कुणी दिला, पाणी कुणी भरलं, सतरंज्या कुणी अंथरल्या, सगळं माइकवरून नाव घेऊन सांगायचं. कुणाचं राहिलं तर गुरुजी मागून शर्ट ओढायचे. उपकार मानायचे म्हणजे चारचौघांत मोठ्याने सांगायचे, एवढंच मला शिकवलं गेलं होतं. अल्बमही मी तसाच केला. त्यातलं 'डबा' हे गाणं वहिनींसाठी होतं.

मी शेवटच्या वर्षाला असताना दादाचा स्टीलच्या भांड्यांचा गाळा बंद पडला. तो भांड्यांना पॉलिश करायचा. त्याने घरी सांगितलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, खाडीच्या बाजूला कुठेतरी बसायचा आणि संध्याकाळी यायचा. वहिनींना हे बाजारात कळलं होतं. तरी त्या रोज डबा भरत राहिल्या, त्याला काही विचारलं नाही. घरखर्चाला शिवणकाम घेतलं आणि मला तेवढं सांगितलं, "तुम्ही बोलायचं नाही. परीक्षा द्यायची." पुढे दादाला एका गोदामावर वॉचमनची नोकरी लागली आणि तो विषय कुणी काढला नाही. गावीही कुणाला पत्ता नव्हता.

'तिने झाकण लावलं, तिला ठाऊक होतं' असं ध्रुवपद होतं. मी ते जीव तोडून गायलो. अल्बममधलं तेवढंच गाणं चाललं. मोबाइलवरून मोबाइलवर गेलं. आता दादा-वहिनी भाईंदरलाच, इंद्रलोक भागातल्या एका इमारतीत राहतात. तिथे लिफ्टमध्ये एका बाईने वहिनींना विचारलं, "भाभी, वो डिब्बेवाला गाना आप ही के घर का है ना?" शेजारी दादा उभा होता.

पुढच्या रविवारी मी गेलो. दादा टीव्हीसमोर होता. "ये. जेवलास?" एवढंच म्हणाला. वहिनी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. पाठ माझ्याकडे ठेवूनच बोलल्या.

"हे डबा नेत नाहीत आता. म्हणतात, तिकडे कॅन्टीन आहे. वॉचमनला कुठलं आलंय कॅन्टीन?"

मी म्हणालो, "वहिनी, ते गाणं तुमच्यासाठी होतं. तुम्हीच म्हणाला होतात, कळेल असं गा."

"कळलं ना," त्या म्हणाल्या. "पण भावोजी, तुमचा आवाज मी झाकला. आता ह्यांचं कोण झाकणार?"

मग त्यांनी मला पानावर बसवलं आणि नेहमीसारखं वाढलं. काशीगावच्या माझ्या खोलीवर परत आलो आणि पत्र लिहायला बसलो. त्यांचा फोन दादाही बघतो, म्हणून टपालाने पाठवलं.

"वहिनी,

गाणं मी सगळीकडून काढून टाकलंय. लोकांनी उतरवून घेतलं असेल ते माझ्या हातात नाही. दादाची माफी मागितलेली नाही. मागायला गेलो तर त्याला सगळं परत ऐकावं लागेल.

तुमचे आभार मानायचे होते. ते मोठ्याने मानायचे नसतात, हे मला कळायला हवं होतं.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. बँड सोडल्यापासून मला सकाळी कुठे जायचं नसतं. त्या एका गाण्यावर कार्यक्रम मिळाले नाहीत. मी खोलीला कुलूप लावून निघतो आणि हायवेवर बसथांब्यावर बसून राहतो. घरमालकाला वाटतं, कामावर जातो.

सोमवारपासून माझाही एक डबा भराल का? मी इमारतीखाली उभा राहीन. तुम्ही दोन्ही डबे दादाच्या हातात द्या. त्याला सांगा, 'भावोजींचा खाली नेऊन द्या.' माझा डबा खाली आणताना स्वतःचा डबा त्याला वर घरात ठेवून येता येणार नाही, असं मला वाटतं. त्याने काही विचारलं तर मी रोज बसथांब्यावर बसतो ते त्याला सांगा. माझं झाकू नका."